दोन फुगे, एक वॉल

मंगळवार, सकाळी दहा. प्रकाशा, तापीकाठ. तुझा दहावा.

हजर: तुझी संगीता आणि तुमची लेक पूजा, मी, तुझे दाजी, गावाकडचे चुलते आणि त्यांची मंडळी, अक्कलकुव्याच्या गाड्यांच्या अड्ड्यावरचे अकरा ड्रायव्हर, सलीम मिस्त्री. एकूण एकसष्ट. मी दोनदा मोजले. तू असतास तर म्हणाला असतास, "ताई, लोकं रडी ऱ्हायनात आन् तू मोजी ऱ्हायनी." मोजत होते खरी. हात रिकामे राहिले की मला काही सुचत नाही.

बासष्टावा खेमा होता. त्याला मी धरलंच नव्हतं. पाच वर्षं तुझ्या पिकअपचा माल भरणारा खेमा, आणि गेल्या चार महिन्यांत आपल्या दारात पाऊल न टाकलेला खेमा. मोलगीकडून जीप बदलत बदलत आला होता. नदीकडे उतरला नाही. वर तुझी गाडी उभी होती, तिच्या मागच्या चाकाजवळ उभा राहिला. मी वर गेले तेव्हा त्याची चार बोटं टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत होती. मला बघून त्याने हात काढून घेतला.

"ताई," तो म्हणाला, "बापूशेठ जाताना माझं काही बोलला का?"

"नाही," मी म्हटलं.

ते खरंच होतं. रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तू छाती धरून बसलास आणि अर्ध्या तासात संपलास. त्यात खेमाचंच काय, कुणाचंच नाव तुझ्या तोंडून निघालं नाही. पण खेमाला जे ऐकायचं होतं ते तू सांगू शकणारच नव्हतास. ते फक्त मला माहीत होतं, आणि चार महिने मी ते तुलाही सांगितलं नाही. म्हणून हे लिहितेय. तुला आधी सांगते. तुला सांगणं सोपं आहे, तू आता ओरडणार नाहीस.

फुगे बसवायच्या आधीची गाडी आठव. आमच्या दुकानाचं सिमेंट हौद्यात आणि मागे हुकाला स्लॅबचं मिक्सर, असं घेऊन तू डोंगरातल्या पाड्यांवर जायचास. मागून गाडी इतकी बसायची की पुढची चाकं हलकी पडायची. स्टिअरिंग हातात ढिलं लागतं म्हणून तू कुरकुरायचास. मिक्सर मागे शेपटीसारखं हलायचं. मग तू मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जादा पाटा घातलास, तर रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारायला लागली. संगीता एकदा तिच्यात बसून माहेरी गेली आणि आठवडाभर पाठ धरून बसली होती. तेव्हापासून तुझ्या डोक्यात हवेच्या फुग्यांनी घर केलं. पाट्यांच्या जोडीला ॲक्सल आणि चासीच्या मधे दोन रबरी फुगे. माल असला की हवा भरायची, गाडी वर येते. माल उतरला की हवा कमी करायची, गाडी मऊ चालते. मोबाईलवर बघून बघून तू मला ते इतक्या वेळा समजावलंस की दाजी म्हणाले, गाडीला फुगा नको, ह्या पोराला फुगा द्या आणि एकदाचं शांत करा.

मी तेव्हा एकच गोष्ट म्हटली होती. फुगे गाडीला उचलतील, तिची ताकद वाढवणार नाहीत. चासी तीच, ब्रेक तेच, ॲक्सल तोच. गाडी दिसायला हलकी दिसेल आणि भरणारे भरत सुटतील. कारण आपल्याकडे माल मोजत कोण होतं? खेमाची चार बोटं. टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं आडवी जात असली की अजून भरायचं, जाईनाशी झाली की बस. अड्ड्यावरच्या सगळ्या गाड्या तो असाच भरायचा आणि त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता. पण फुग्यांत हवा असली तर फट मिटणारच नाही, मग बोटं काय सांगणार? मी म्हटलं, फुगे बसव, पण दर खेपेला आधी काट्यावर वजन. तू म्हणालास, "गाडी काय सांगस ते बोटस्ले समजस, काट्याले नही." मी म्हटलं, बोटांना नाही समजणार आता. आपण दोघं त्यावर महिनाभर भांडलो. शेवटी काट्याची पावती माझ्या रोजच्या तपासणीच्या यादीत आली. तेव्हा मी जिंकले आणि मला वाटलं, आता काम चोख झालं.

मग तो वॉलचा दिवस. गुजरातेतल्या एका गॅरेजात आपण दोघं गेलो होतो. तू समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेलास आणि गॅरेजवाल्याने मला विचारलं, डाव्या-उजव्या फुग्याला हवा भरायचे वेगळे वॉल काढू, की दोन्ही एका नळीवर जोडून एकच वॉल? वेगळे असले तर हवा दोन ठिकाणी तपासावी लागेल, माल एका अंगाला असला तर कमी-जास्त करता येईल. एकच असला तर काम सोपं.

मी यादी मनात बघितली. रोज सकाळी तू गाडी काढायच्या आधीची ती अकरा ओळींची यादी. टायर, ऑईल, पाणी, हुकाची पिन, मिक्सरच्या चाकाची हवा. तिच्यात फुग्यांसाठी मी एकच ओळ ठेवली होती. दोन ओळी झाल्या तर कागदाच्या दुसऱ्या बाजूला जावं लागलं असतं, आणि तू मागची बाजू कधी बघत नाहीस हे मला माहीत होतं. मी म्हटलं, एकच करा.

चहा घेऊन आलास तेव्हा तू खाली वाकून बघितलंस. "दोन फुगा शेतस ना? मंग वॉल एक कसा?"

"तपासायला सोपं."

"ताई, दोन चाकं शेतस, दोन बाजू शेतस..."

"बापू, रोज दोन ठिकाणी हवा बघणार आहेस का तू?"

तू हसलास. "चाल. तुन्ही यादी जिकनी. आते चहा पे." तिथेच तो वाद मिटला. तुझं बोलणं अर्धंच राहिलं होतं. दोन बाजू असतात, म्हणजे काय होतं, हे तू सांगणार होतास. मी ऐकून घेतलं नाही.

आता घाटाचं. तू घाटाबद्दल पुन्हा कधी बोलला नाहीस, म्हणून मीच सांगते, मला दिसलं तसं.

पाड्यावर दुसऱ्या दिवशी स्लॅब पडायचा होता. हौद्यात पंचवीस गोण्या सिमेंट, मागे मिक्सर. मी हिशोबाच्या वहीसह केबिनमध्ये, खेमा मागे गोण्यांवर. निघायच्या आधी काट्यावर वजन झालं, बरोबर आलं. गोण्या खेमाने माझ्यासमोर रचल्या. डावीकडे बारा, उजवीकडे बारा, एक मधे. मी प्रत्येक गोणीला टिक केली. हे लक्षात ठेव, बापू. मी टिक केली होती.

चढ छान गेला. तू खूश होतास, गाणं म्हणत होतास, पुढचं चाक जमिनीला धरून आहे असं तीनदा सांगितलंस. मोलगीच्या अलीकडे घाट उतरायला लागतो, तिथे उजवीकडचं वळण आहे, डावीकडे दरी. तू दुसऱ्या गिअरला होतास. वेगही फार नव्हता. वळण घेताना गाडी डावीकडे झुकली, जशी झुकते तशी. पण ती थांबलीच नाही. झुकतच गेली. जणू कुणी उजवीकडून खांदा लावून ढकलतंय. मिक्सर मागून रेटत होतं, आणि माझ्या खिडकीतून मला रस्ता दिसेनासा झाला. फक्त झाडांचे शेंडे दिसत होते.

तू "बस, बस, बस," म्हणत होतास. गाडीला की स्वतःला, कुणास ठाऊक. मागून खेमाचा आवाज आला. आरशात मला दिसलं, तो हौद्याच्या उजव्या कडेवर उभा होता. एका हाताने जाळी धरून अख्खं अंग बाहेर झोकून दिलेलं. उडी मारायला त्याला ती बाजू मोकळी होती. त्याने मारली नाही. तो तोल धरत होता. गाडी कठड्याच्या दगडाला घासून थांबली तेव्हाच तो उतरला आणि पुढच्या चाकापुढे दगड लावला. मग दुसरा लावला. मग मिक्सरच्या चाकालाही लावला.

तू खाली उतरलास. आणि तू त्याच्यावरच तुटून पडलास.

"काय भरं रे तू? सगळं एक बाजूले लादी दिन्हं! मारी टाकता व्हता आम्हले!"

"शेठ, मी बरोबर भरलं. इकडे बारा, इकडे बारा, मधे एक. ताईने बघितलं."

तू माझ्याकडे बघितलंस. बापू, त्या क्षणी वही माझ्या मांडीवर होती. पंचवीस टिका त्या पानावर होत्या. माझा घसा सुकला होता, दात वाजत होते, हे सगळं खरं. पण मान हलवायला घसा लागत नाही. मी मान हलवली नाही. गोण्या घसरल्या असतील, असं काहीतरी मी बोलले. तुला तेवढंच पुरलं.

वाटेतल्या एका गाडीवाल्याने मिक्सर ओढून दिलं, आपण पाड्यावर पोचलो, खेमाने पंचवीस गोण्या एकट्याने उतरवल्या आणि पायी निघून गेला. दुसऱ्या दिवशी तू अड्ड्यावर सांगितलंस. तू रागाने सांगितलं नाहीस, इतर ड्रायव्हरांच्या काळजीने सांगितलंस, हे मला माहीत आहे. "खेमा आते पहिलासारखा नही राहिना. एक बाजूले भरस. सांभाळा." अकरा ड्रायव्हरांनी सांभाळलं. पंधरा दिवसांत अड्ड्यावर खेमाला काम उरलं नाही.

तीन आठवड्यांनी तू पूजाच्या ॲडमिशनसाठी नाशिकला गेलास, तेव्हा नळीला बारीक गळती लागली म्हणून मी गाडी सलीम मिस्त्रीकडे नेली. साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात ते बघायचं मला तूच शिकवलं होतंस. गळती सापडली. सलीम खाली झोपून बघत होता. मग म्हणाला, "ताई, ये किसने किया? दोनों फुगे एक नळी पे?"

"का? चालत नाही?"

"सपाट रस्त्यावर चालतं. पण वळणावर गाडी डावीकडे दबली की डाव्या फुग्याची हवा उजव्यात जाते. उजवा फुगतो, उजवी बाजू उचलतो. गाडी अजून डावीकडे. घाटात माल घेऊन, मागे ट्रॉली लावून असं चालवलं तर..." त्याने हात आडवा केला.

मी उकिडवी बसले होते, तिथेच बसून राहिले. कुणी खांदा लावून ढकलतंय असं मला घाटात वाटलं होतं. तो खांदा माझा होता. यादीतली एक ओळ वाचवायला मी गॅरेजात सांगितलेलं ते वाक्य होतं.

त्याच दिवशी मी दोन नळ्या वेगळ्या करून घेतल्या. दोन वॉल. सलीमला म्हटलं, बापूला काही सांगू नका, मी सांगेन. तो माझ्याकडे बघून "हां ताई" म्हणाला. त्याने शब्द पाळला. मी पाळला नाही.

तू नाशिकहून आलास, गाडी फिरवलीस, वळणं घेतलीस. दारात येऊन म्हणालास, "देख ताई, खेमा गया आन् गाडी सरळ चालाले लागनी." मी भाजी निवडत होते. भाजी निवडतच राहिले. मग तू मागच्या चाकाशी वाकलास आणि बराच वेळ वर आला नाहीस. वर आलास तेव्हा म्हणालास, "आते दोन वॉल?"

"मिस्त्री म्हणाला, दोन बरे."

"हं," तू म्हणालास. नुसतं हं. आणि घरात जाऊन पाणी प्यायलास.

त्या "हं"चं मी तीन महिने काय केलं नसेल! तुला कळलं होतं का? गाड्यांचं तुला सलीमपेक्षा कमी कळत नव्हतं. कळलं असेल तर मला सांभाळायला गप्प राहिलास का, की आपल्या दोघांनाही? तसं असेल तर आपण दोघांनी मिळून एका माणसाला बुडवलं, आणि कळलं नसेल तर मी एकटीने. दोन्हीपैकी कोणतं बरं, मला ठरवता येत नाही. तुला विचारायला हवं होतं. संध्याकाळी ओट्यावर तू बसायचास, चपला काढून, पाय हलवत. विचारायला कितीतरी संध्याकाळी होत्या.

न सांगण्याचं कारण लाज हे तर आहेच. पण अजून एक होतं, ते तुलाच सांगता येतं. लहानपणापासून घरात ठरलेलं होतं, बापू धांदरट, ताई पक्की. आई गेली तेव्हा तू म्हणालास, ताई आहे ना, आता काही चुकायचं नाही. माझं दुकान, तुझी गाडी, पूजाच्या फीची तारीख, सगळं तू माझ्या कागदांवर टाकून मोकळा झालास. मला गाडी चालवायला तूच शिकवलीस, ह्याच नदीच्या वाळवंटात. मी बांधावर चढवली तेव्हा तू हसून लोळलास आणि म्हणालास, ताई चुकी, ताई चुकी! त्या दिवशी मला चुकायची किती मजा आली होती. मग पुढे कधी मी चुकलेच नाही. निदान कुणाला दिसेल असं नाही. आणि दिसेल असं चुकले तेव्हा अड्ड्यावर सांगणारा म्हणून तुझं नाव पुढे गेलं, खेमाचं नाव गेलं. माझं कागदावर कुठेच आलं नाही.

मंगळवारी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. कुणी हात जोडून काही कबूल करायचीसुद्धा वेळ आली नाही. चुलते म्हणाले, बापूचं काही मागे राहिलं नव्हतं, समाधानी जीव. ड्रायव्हर लोकांनी माना डोलावल्या. मी तिथेच उभी होते. अकराही ड्रायव्हर तिथे होते, सलीम होता, संगीता होती, आणि वर, वीस पावलांवर, खेमा होता. ज्यांच्यासमोर त्याचं नाव खराब झालं ते सगळे एका जागी, एका वेळी. पुन्हा असे एकत्र कधी येतील? तोंड उघडायचं होतं, पाच वाक्यं बोलायची होती. मी त्याला जेवून जा म्हटलं.

तो जेवला नाही. निघताना म्हणाला, "शनिवारी जातो ताई. बायको, पोरं, सगळे. गुजरातमध्ये ऊसतोडीला. होळीला येऊ." मी विचारलं, इकडे भरायचं काम? तो म्हणाला, "भरायचं कोण देतं?" तक्रारीचा सूर नव्हता. दुकान बंद आहे असं सांगावं तसं सांगितलं. आयुष्यात त्याने तोडणी केलेली नाही, बापू. त्याचा बाप करायचा. खेमाचं सगळं नाव गाडी भरण्यात होतं.

हे लिहितेय तो गुरुवार आहे. काल मी संगीताला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आते कशाले उकरतस, आक्का? ते गयात." तिला तुझं नाव जपायचं आहे, माझंही. सलीमला फोन केला. तो म्हणाला, मी येतो तुमच्याबरोबर अड्ड्यावर, पण आधी खेमा पाहिजे. त्याच्या मागे बोललं तर पुन्हा मागेच बोलल्यासारखं होईल. बरोबर आहे त्याचं.

म्हणजे एवढं करायचं आहे. मोलगीच्या पुढे खेमाच्या पाड्यावर जायचं, त्याच्या बायकोसमोर सांगायचं, गोण्या बरोबर होत्या, मी बघितल्या होत्या, वॉल मी जोडायला लावला. मग त्याला घेऊन अड्ड्यावर यायचं आणि तेच मोठ्याने बोलायचं. तुझ्या गाडीची किल्ली माझ्याकडे आहे. दोन्ही फुग्यांत हवा बघून झाली, डावा ठीक, उजवा ठीक. रस्ता तोच आहे, तेच उजवीकडचं वळण, आणि ह्या वेळी गाडी मी चालवणार. आज सकाळी नऊला निघायचं ठरलं होतं. आता चार वाजलेत. गाडी दारात उभी आहे आणि मी अजून निघालेली नाही.